सिस्को कॅटॅलिस्ट २९६०-एक्स: सोलापूरच्या कारखान्यासाठी घ्यावा का, आणि घेतला तर रीबूट व बॅकअप कसे सांभाळावेत

सिस्कोने कॅटॅलिस्ट २९६०-एक्स या नेटवर्क स्विचची (कॅमेरे, फोन, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राची) विक्री ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबवली. कंपनीचा आधार ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतो. तरीही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी, शाळेसाठी किंवा छोट्या हॉस्पिटलसाठी कोटेशन मागवलं की रीफर्बिश्ड म्हणून याचं नाव येतंच. ज्यांनी तेव्हा नवा घेतला त्यांच्याकडे तो अजून चालू आहे. हे परीक्षण २४ पोर्टच्या पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच साधनाला वीज देणाऱ्या) मॉडेलचं, म्हणजे डब्ल्यूएस-सी२९६०एक्स-२४पीएस-एलचं. मत आधीच सांगून टाकतो: यंत्र दणकट आहे, त्यावरचं आयओएस (सिस्कोचं स्विच चालवणारं सॉफ्टवेअर) भरवशाचं आहे, पण केलेले बदल ते आपणहून जपून ठेवत नाही. सांभाळणाऱ्याला हे माहीत नसेल तर एका रीबूटमध्ये कित्येक महिन्यांचं काम पुसलं जातं. म्हणून पोर्ट किती आणि वेग किती यापेक्षा तो रीबूट कसा होतो आणि कॉन्फिगरेशन कुठे ठेवतो, याच अंगाने इथे लिहिलं आहे.

पोर्टांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २४ गिगाबिट पोर्ट, वर फायबर मॉड्यूलसाठी चार एसएफपी खाचा, पीओईसाठी एकूण ३७० वॉट. प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट दिले तर चोवीसच्या चोवीस पोर्ट भागतात. ३० वॉटवाली साधनं असतील तर बारावरच हिशोब संपतो. साध्या डोम कॅमेऱ्यांना आणि ॲक्सेस पॉइंटना हे भरपूर आहे. पॉवर सप्लाय मात्र आत एकच, आणि यूपीएस निवडताना इथेच चूक होते. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. स्विचचा स्वतःचा खप आणि पीओईचा भार एकत्र धरला तर पूर्ण भाराला तो पुरा पडत नाही. लाइट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन बसतो, स्विच बंद पडतो आणि खापर स्विचवर फुटतं. किमान एक केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस धरा आणि त्यावर दुसरं काही लावू नका.

सोलापूरच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा ४५ अंश सेल्सिअस. समुद्रसपाटीजवळच्या उंचीवर हा स्विच इतकं तापमान सोसतो, आणि सोलापूरची साडेचारशे मीटरच्या आसपासची उंची त्या मर्यादेत आरामात बसते. पण ते तापमान खोलीतलं नव्हे, स्विच जी हवा आत ओढतो तिचं. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना पत्र्याच्या शेडखाली भिंतीला ठोकलेल्या बंद रॅकमध्ये ४५ ओलांडायला वेळ लागत नाही. त्यात लूमच्या खात्यात कापसाची तूस उडते. ती बाजूच्या जाळ्यांवर गादीसारखी बसते, पंख्याला हवा मिळत नाही आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास कारण नसताना रीबूट सुरू होतात. दोन्ही बाजूंना चार बोटं जागा मोकळी ठेवा आणि ब्लोअरने महिन्यातून एकदा तूस काढा. 'शो एन्व्ह टेम्परेचर स्टेटस' ही कमांड आताचं तापमान आणि पिवळी-लाल मर्यादा दोन्ही दाखवते. हा आकडा सकाळी आणि दुपारी एकेकदा लिहून ठेवला तर रॅकला एक्झॉस्ट लागेल की नाही ते आठवड्यात कळतं.

आता मूळ मुद्दा. स्विच चालू असताना त्याच्या रॅममध्ये असतं ते रनिंग-कॉन्फिग. तो बंद होऊन पुन्हा उठला की वाचतो ते स्टार्टअप-कॉन्फिग, जे फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, कॉन्फिग.टेक्स्ट या फाइलमध्ये असतं. पोर्ट बदलला, व्हीलॅन (एकाच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क) दिला, पासवर्ड बदलला की बदल लगेच लागू होतो, पण होतो फक्त रॅममध्ये. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' किंवा 'राइट मेमरी' दिलं तरच तो फ्लॅशमध्ये उतरतो. कारखान्यात घोळ होतो तो असा: दिवाळीत कुणीतरी नवा कॅमेऱ्यांचा व्हीलॅन टाकला, सेव्ह केला नाही, सगळं चालत राहिलं. एप्रिलमध्ये ट्रान्सफॉर्मर उडाला आणि स्विच जुन्या अवतारात उठला. तेव्हा दिवाळीतला बदल कुणाला आठवत नाही आणि शोधाशोध केबलपासून सुरू होते. म्हणून दुसऱ्याने सांभाळलेला स्विच ताब्यात घेताच पहिली कमांड 'शो आर्काइव्ह कॉन्फिग डिफरन्सेस' द्यावी. पुढे काही न लिहिता दिली तर ती रनिंग आणि स्टार्टअपमधला फरक ओळीओळीने दाखवते. अधिक आणि वजा चिन्हांवरून कुठली ओळ कुठे आहे ते कळतं. फरक दिसला तर तो मुद्दाम केलेला आहे की राहून गेलेला, हे ठरवल्याशिवाय रीबूटला हात लावू नका.

तसंही रीबूट हा बहुतेक वेळा चुकीचा उपाय असतो. एक कॅमेरा अडकला म्हणून अख्खा स्विच बंद-चालू केला तर बाकीचे सगळे कॅमेरे, गेटवरचं हजेरी मशीन, ऑफिसचे फोन, सगळंच काही मिनिटं जातं. त्या एका पोर्टवर 'पॉवर इनलाइन नेव्हर' आणि दहा सेकंदांनी 'पॉवर इनलाइन ऑटो' दिलं की फक्त तोच कॅमेरा रीस्टार्ट होतो; शिडी लावून वर चढावं लागत नाही. आमच्या मते या पीओई मॉडेलची सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. पोर्टचा दिवा केशरी होऊन तो मेल्यासारखा वाटला तर 'शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड' पाहा. कुणीतरी टेबलाखाली स्वस्तातला छोटा स्विच जोडून लूप (वायर फिरून त्याच नेटवर्कला परत येणं) केला असेल तर बीपीडीयू गार्डने (लूप किंवा दुसरा स्विच दिसताच पोर्ट बंद करणाऱ्या सोयीने) तो पोर्ट बंद केलेला असतो. आधी लूप काढा, मग 'शटडाउन' आणि 'नो शटडाउन'. रीबूटनेही पोर्ट उठेल, पण लूप तसाच असेल तर पुन्हा पडेल, आणि मधल्या काळात पुरावा पुसला जाईल. कारण लॉग रॅममध्ये असतो. कुठल्याही रीबूटआधी 'शो लॉगिंग' आणि 'शो टेक-सपोर्ट'चं आउटपुट फाइलमध्ये उतरवून घ्या.

रीबूट करायचाच ठरला, तर आधी 'शो इंटरफेसेस स्टेटस', 'शो स्पॅनिंग-ट्री रूट', 'शो पॉवर इनलाइन' आणि 'शो बूट' यांची नोंद ठेवा. नंतर काय उठलं नाही ते यांच्याशी ताडूनच कळतं. मग 'रीलोड'. स्विच पहिला प्रश्न विचारतो तो नीट वाचा: कॉन्फिगरेशन बदललेलं आहे, सेव्ह करू का? सवयीने 'येस' टाइप करणारे खूप आहेत. चुकीचा बदल घालवण्यासाठीच रीबूट करत असाल तर 'येस' म्हणजे ती चूक फ्लॅशमध्ये पक्की करणं. तिथे उत्तर 'नो' हवं. दुसरा प्रश्न फक्त खात्रीचा. एंटर दाबला की स्विच गेला. वायर उपटून रीबूट करण्याची पद्धत कन्सोल (स्विचला थेट वायरने जोडून कमांड देण्याची सोय) हाताशी नसेल तेव्हाच वापरा. दहा सेकंद थांबून वायर लावा, आणि फ्लॅशमध्ये काही लिहिलं जात असताना तर मुळीच उपटू नका.

दुरून काम करणाऱ्यांसाठी 'रीलोड इन १०' ही याची खरी ताकद. समजा ऑफिस शहरात आहे, स्विच चिंचोळीच्या एमआयडीसीत आहे आणि अपलिंकच्या ट्रंकवर (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या, अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या जोडणीवर) बदल करायचा आहे. चूक झाली तर एसएसएच (दुरून कमांड देण्याची जोडणी) तुटणार आणि कुणालातरी गाडी काढून जावं लागणार. क्रम असा ठेवा: आधीचं सगळं सेव्ह करा, 'रीलोड इन १०' द्या, मग बदल करा. जोडणी तुटली तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रीबूट होतो, जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतो आणि पुन्हा हाताशी येतो. बदल बरोबर ठरला तर 'रीलोड कॅन्सल' आणि त्यानंतरच 'राइट मेमरी'. हा क्रम उलटा केला, म्हणजे तपासण्याआधीच सेव्ह केलं, तर सगळी तरतूद फुकट, कारण स्विच चुकीच्याच कॉन्फिगरेशनवर उठेल. कॅन्सल विसरलात तर ऐन पाळीत रीबूट होईल, म्हणून 'शो रीलोड'ने खात्री करा. ठरलेल्या वेळचा 'रीलोड ॲट' वापरायचा असेल तर घड्याळ बरोबर हवं. वीज गेली की स्विचचं घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवतं, त्यामुळे एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा) सर्व्हर आणि 'क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०' या दोन ओळी असायलाच हव्यात. लॉगमधली वेळही मगच विश्वासाची.

उठायला तो वेळ घेतो. स्वतपासणी, आयओएस उघडणं आणि मग पोर्ट, यात पाचेक मिनिटं धरा. त्यानंतर कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट आपापला वेळ घेतात. त्या काळात एसवायएसटी, म्हणजे सिस्टिमचा दिवा हिरवा लुकलुकतो आणि सगळं ठीक असेल तर स्थिर हिरवा होतो. केशरी राहिला तर 'शो पोस्ट' पाहा. स्विच उठूनही कॉम्प्युटरला १६९.२५४ने सुरू होणारा आयपी मिळत असेल तर कारण जवळपास नेहमी एकच: पोर्टवर पोर्टफास्ट (न थांबता पोर्ट लगेच चालू करणारी सोय) नाही. साध्या स्पॅनिंग-ट्रीत (लूप टाळणाऱ्या व्यवस्थेत) पोर्ट १५ सेकंद ऐकतो आणि १५ सेकंद शिकतो. त्या तीस सेकंदांत कॉम्प्युटर आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला विचारून कंटाळलेला असतो. कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, हजेरी मशीन यांच्या पोर्टवर 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि सोबत बीपीडीयू गार्ड द्या. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर पोर्टफास्ट कधीच नको.

रीबूट कुणी केला, विजेने की आयओएसने, हे 'शो व्हर्जन'मध्ये लिहिलेलं असतं. 'पॉवर-ऑन' दिसलं तर यूपीएस आणि वायरिंग तपासा. 'रीलोड' असेल तर माणसाने केला. याऐवजी एखादी चूक दिसली आणि फ्लॅशमध्ये क्रॅशइन्फोची ताजी फाइल असली तर आयओएस कोसळलं आहे. ती फाइल जपून ठेवा. स्विच बदलायला सांगणाऱ्याला आधी ही ओळ दाखवायला सांगा.

बॅकअपची सोय चांगली आहे, पण ती चालू करावी लागते. 'आर्काइव्ह' मोडमध्ये जाऊन 'पाथ'मध्ये टीएफटीपी (फाइल पाठवण्याची साधी पद्धत) सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव द्या, मग 'राइट-मेमरी' ही ओळ लिहा. एवढं केलं की प्रत्येक सेव्हबरोबर एक प्रत सर्व्हरवर जाते. 'टाइम-पीरियड १४४०' जोडलं तर रोज एक जाते. टीएफटीपीला विंडोजच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६९ उघडा लागतो. बॅकअप जात नाही या तक्रारीचं मूळ बहुधा तिथेच सापडतं. जुनी प्रत परत आणताना मात्र मोठा फरक लक्षात घ्या. 'कॉपी' करून रनिंग-कॉन्फिगमध्ये टाकली तर ती आहे त्यात मिसळते. नको असलेल्या नव्या ओळी तशाच राहतात. 'कॉन्फिगर रिप्लेस' दिलं तर स्विच दोन्ही ताडून फक्त फरक लावतो आणि जादाच्या ओळी काढतो, तेही रीबूटशिवाय. हे एक फीचर पुष्कळ स्वस्त स्विचमध्ये सापडत नाही.

या बॅकअपमध्ये दोन गोष्टी येत नाहीत आणि त्या जळालेला स्विच बदलताना दगा देतात. पहिली, व्हीलॅनची यादी. व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारी सिस्कोची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये ती व्हीलॅन.डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असते आणि रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसतच नाही. ती फाइल वेगळी कॉपी करा, किंवा 'व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट' करा म्हणजे व्हीलॅन कॉन्फिगमध्येच दिसू लागतात. एकट्या कारखान्यासाठी ट्रान्सपरंटच ठेवावं, असं आमचं ठाम मत. दुसरी, एसएसएचची आरएसए किल्ली. ती कॉन्फिगच्या मजकुरात नसते. नव्या स्विचवर 'क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८' पुन्हा द्यावं लागतं. नाहीतर सगळं लावूनही एसएसएच उघडत नाही. बॅकअपची फाइल व्हॉट्सॲपवर फिरवू नका. 'सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन'ने झाकलेले टाइप ७ पासवर्ड सहज उलगडतात.

आयओएस बदलण्याचं काम सरळ आहे, घाई केली नाही तर. 'डिर फ्लॅश:'ने जागा पाहा, बिन फाइल आणा, 'व्हेरिफाय /एमडी५'ने फाइल अखंड आहे का तपासा, 'बूट सिस्टिम' द्या, 'शो बूट'ने मार्ग अक्षरन् अक्षर ताडा, सेव्ह करा, रीलोड करा. एमडी५ जुळत नसेल तर पुढे जाऊच नका. जुनी फाइल नवी चालल्याशिवाय पुसू नका. 'आर्काइव्ह डाउनलोड-एसडब्ल्यू'ला '/ओव्हरराइट' जोडलं तर तो जुनी काढून टाकतो, हे ध्यानात असू द्या. नव्या आयओएसच्या पहिल्या बूटमध्ये कधीकधी आतला मायक्रोकोडही बदलला जातो, तेव्हा स्विच नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ गप्प बसतो. अडकला समजून वायर काढू नका. फाइल खराब निघाली आणि दुसरी नसली तर स्विच 'स्विच:' या प्रॉम्प्टवर थांबतो. मग कन्सोलवरून एक्समोडेम या जुन्या पद्धतीने फाइल चढवायची. ९६०० बॉडवर २० एमबीची फाइल जवळपास सहा तास घेते. 'सेट बॉड ११५२००' केलं तर अर्ध्या तासाच्या आसपास.

कन्सोलला आरजे४५ आणि मिनी-यूएसबी असे दोन्ही पोर्ट आहेत, सेटिंग ९६००, ८, नो पॅरिटी, १. मिनी-यूएसबी चालू झालं की आरजे४५ काम करत नाही. आरजे४५ मुका वाटला तर आधी दुसरी वायर काढून पाहा.

पासवर्ड हरवला तर मोड बटण. वायर काढा, पुन्हा लावताना एसवायएसटी हिरवा लुकलुकत असतानाच बटण दाबून धरा, दिवा क्षणभर केशरी आणि मग स्थिर हिरवा झाला की सोडा. 'फ्लॅश_इनिट', मग कॉन्फिग.टेक्स्टचं नाव बदला, 'बूट'. उठल्यावर नाव परत पूर्वीसारखं करून ती फाइल रनिंगमध्ये कॉपी करा, नवा पासवर्ड द्या, व्हीलॅन इंटरफेस 'नो शट' करा, सेव्ह करा. हे बटण चालू स्विचवर मात्र दहाएक सेकंद दाबून धरलं तर कॉन्फिगरेशन बाजूला पडतं आणि स्विच कोरा होऊन उठतो. ३६५० आणि ३८५० या मोठ्या भावंडांच्या ४८ पोर्टच्या मॉडेलमध्ये पॅचकॉर्डच्या टोपीनेच हे बटण दाबलं जात होतं आणि सिस्कोला त्यावर सूचना काढावी लागली. 'नो सेटअप एक्सप्रेस' ही ओळ घालून ठेवा, म्हणजे बटणाचं हे काम बंद होतं.

रीफर्बिश्ड घेणाऱ्यांनी मॉडेलचं शेपूट वाचावं. शेवटी 'एलएल' असेल तर ते लॅन लाइट, म्हणजे कमी सोयींचं सॉफ्टवेअर, व्हीलॅन ६४ पर्यंतच आणि स्टॅकिंग (अनेक स्विच एकासारखे जोडणं) नाही. 'एल' म्हणजे लॅन बेस. पैसे देण्याआधी स्विच समोर चालू करून 'शो इन्व्हेंटरी'तला सिरीयल नंबर स्टिकरशी जुळवा, 'शो एन्व्ह ऑल'मध्ये पंखा आणि पॉवर ओके आहे का पाहा, आणि निम्म्या पोर्टांना तरी पीओई साधन लावून बघा. आणल्यावर चालू नेटवर्कला जोडण्याआधी 'राइट इरेज', 'डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट', 'रीलोड', आणि सेव्ह विचारलं की 'नो'. नुसत्या 'राइट इरेज'ने व्हीलॅन.डॅट जात नाही. त्या फाइलमध्ये तुमच्याच व्हीटीपी डोमेनचं नाव आणि जास्त रिव्हिजन नंबर असला तर जोडल्याबरोबर तुमच्या इतर स्विचवरचे व्हीलॅन तो आपल्यासारखे करून टाकतो. त्यानंतर लगेच 'नो व्हीस्टॅक'. ही ओळ स्मार्ट इन्स्टॉल, म्हणजे दुरून स्विच आपोआप बसवण्याची सोय, बंद करते. तिचा टीसीपी ४७८६ हा पोर्ट उघडा राहिला तर बाहेरचा माणूस पासवर्डशिवाय स्विचचा ताबा घेऊ शकतो. सीव्हीई-२०१८-०१७१ हीच ती पळवाट, मार्च २०१८ मध्ये जाहीर झालेली.

सिस्कोची मर्यादित आजीवन वॉरंटी मूळ ग्राहकालाच मिळते, रीफर्बिश्ड घेणाऱ्याला नाही. आयओएसच्या फाइली उतरवायला करार लागतो, म्हणून विकणाऱ्याकडून आधीच ताजी आवृत्ती टाकून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या.

नवाच घ्यायचा असेल तर आज कॅटॅलिस्ट ९२००एल. रोजच्या कमांड त्याच, पण आयओएस एक्सई असल्याने सॉफ्टवेअर 'इन्स्टॉल ॲड फाइल', 'ॲक्टिव्हेट', 'कमिट' या क्रमाने चढतं. ॲक्टिव्हेटनंतर १२० मिनिटांत कमिट केलं नाही तर तो आपणहून जुन्या आवृत्तीवर परततो, म्हणजे 'रीलोड इन'ची तीच खबरदारी सॉफ्टवेअरलाही मिळते. खरेदीच्या वेळी डीएनए या मुदतीच्या लायसन्सचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दाखवायला सांगा. हॉस्पिटल, बँकेची शाखा किंवा जिथे ऑडिट होतं तिथे २९६०-एक्स आता घेऊ नका. लूम खात्यातले कॅमेरे, हजेरी आणि ऑफिसचे दहा-पंधरा कॉम्प्युटर एवढंच काम असेल, नेटवर्क बाहेरून बंद असेल आणि रॅकला हवा असेल, तर २०२७ पर्यंत तो निभावतो. घेताना दोन घ्या, आणि दुसऱ्यावर पहिल्याचंच कॉन्फिगरेशन आणि व्हीलॅन.डॅट चढवून, आरएसए किल्ली बनवून, कपाटात तयार ठेवा.